कोण पळतंय?

इंग्रजी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी छोट्या क्रियापदांनी खाल्ली. मोठ्या शब्दांनी मला किंवा पोरांना कधी छळलं नाही. 'फोटोसिंथेसिस' विज्ञानाच्या तासाला एकदा कळला की जन्मभर तोच अर्थ. 'पार्लमेंट', 'हॉस्पिटल', 'इलेक्ट्रिसिटी' हे तर सज्जन शब्द, कुठंही भेटले तरी ओळख देतात. घोळ घालतात ते रन, गेट, टेक, सेट. पाठ करायला सगळ्यात सोपे म्हणून सुरुवातीलाच शिकवले जातात आणि दहावीच्या पेपरातही तेच पोरांना पाडतात. त्यातही 'रन'शी माझं जुनं वैर.

माझी पहिली नेमणूक अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका आश्रमशाळेत झाली. मुलं महादेव कोळी आणि ठाकर समाजातली. घरी बोलायची मराठी एक, पुस्तकातली दुसरी, आणि त्यावर हे तिसरं संकट. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की माझं बोलणं तिसऱ्या बाकाच्या पुढं जायचं नाही. मग तास तोंडानं घ्यायचाच नाही, फळ्यावर लिहायचं, पोरांनी वहीत उतरवायचं आणि वही वर धरून दाखवायची. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत निम्मी मुलं घरी, खाचरात. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालच्या जूनपासून. माझ्या सुरुवातीच्या तुकड्या त्याआधीच्या, पाचवीत एबीसीडी गिरवून वर आलेल्या. आठवीत आल्या तेव्हा त्यांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की रन म्हणजे पळणे.

आणि पुस्तकात कोण कोण पळत होतं! नदी पळत होती, दुकान पळत होतं, नाक पळत होतं, रस्ता डोंगराला वळसा घालून पळत होता. एका धड्यात तर एक बाई शाळा पळवत होती. एका पोरानं भाषांतर केलं, 'ती बाई शाळा घेऊन पळाली.' व्याकरणानं चूक काढायला जागा नव्हती.

यावर गाइडवाल्यांनी उपाय शोधला होता. धड्याच्या शेवटी समानार्थी शब्दांची यादी : रन म्हणजे मॅनेज, ऑपरेट, फ्लो, स्प्रिंट, कंडक्ट. पोरांनी यादी घोकली आणि प्रामाणिकपणे वापरली. 'माय फादर फ्लोज अ शॉप.' 'द रिव्हर ऑपरेट्स.' सर्दी झालेल्या एकीनं लिहिलं, 'माय नोज इज स्प्रिंटिंग.' विचारलं तर उत्तर तयार : "मॅडम, गाइडात दिलंय. सिनॉनिम हाये." त्यांचं काय चुकलं? समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा ठेवायचा, असंच त्यांना सांगितलेलं. पेपर तपासायला बसलो की असली वाक्यं आम्ही शिक्षक एकमेकांना वाचून दाखवायचो, हसायचो, आणि लाल पेनानं शून्य देऊन पुढचा पेपर घ्यायचो. वर्षामागून वर्षं तेच शून्य. हे असं का होतं, यावर कुठल्याही प्रशिक्षणात कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. प्रशिक्षणात चहा मात्र वेळेवर असायचा.

'मॅनेज'ची तर वेगळीच गंमत. 'ही मॅनेजेस द इलेक्शन' हे वाक्य मी सरळ मनानं फळ्यावर लिहिलं, त्यानं निवडणुकीची व्यवस्था पाहिली अशा अर्थी. वर्गात खसखस. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "कितीला मॅडम?" गावात 'मॅनेज केलं' म्हणजे पाकीट दिलं. 'सेट'चंही तेच, सेटिंग लावली म्हणजे काय ते पोरांना माझ्याआधी कळतं. पोरं इंग्रजी शब्द शाळेत यायच्या आधीच कुठून कुठून उचलून आणतात, आणि ते आपल्या अर्थासकट आणतात. कोऱ्या पाटीवर मी लिहितेय हा समज मला फार लवकर सोडावा लागला.

नंतर केव्हातरी मी यादी बंद केली आणि एकच प्रश्न ठेवला : कोण पळतंय? 'रन' दिसला की अर्थ विचारायचा नाही, आधी कर्ता शोधायचा. फळ्याच्या डावीकडं पळणारा लिहायचा आणि उजवीकडं, आपल्या घरी याच्याबद्दल आपण काय म्हणतो ते. नाक असेल तर 'वाहतं' किंवा 'गळतं'. नव्या शर्टाचा रंग असेल तर 'जातो'. नळ असेल तर 'चालू आहे'. मोटर 'चालते'. घड्याळ 'चालतं'. किराणा दुकान 'चालवतात'. सिनेमा 'चालला'. कोर्टातली केस 'चालू आहे'. ताप असेल तर 'आलाय'. सरपंचकीला उमेदवार असेल तर तो आपल्याकडं 'उभा राहतो', अमेरिकेत पळतो. यावर पोरांनी गावातल्या एका वजनदार उमेदवाराला अमेरिकेत पळवून पाहिलं आणि तास संपेपर्यंत वर्ग ताळ्यावर आला नाही.

एसटीवर मात्र वाद झाला. मी म्हटलं, १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती पुणे-अहमदनगर रस्त्यावर, म्हणजे आपल्याच जिल्ह्याकडं. तेव्हा 'धावली' हे बरोबर आहे की. एक मुलगी उठली. तिचे वडील अकोले आगारात कामाला. ती म्हणाली, "पेपरात धावते मॅडम. स्टँडवर नाय धावत." तिचं बरोबर होतं. स्टँडवर एसटी लागते, सुटते, भरते, फेल होते, मुक्कामी राहते. 'गाडी धावली का' असं कंट्रोलरला विचारणारा प्रवासी मी तरी पाहिलेला नाही.

उजवीकडची रांग भरत गेली तसं पोरांच्याच लक्षात आलं, की तिथं 'चालणे' सारखं सारखं येतंय. एकानं मोजलं आणि निकाल दिला : "इंग्रज जिथं पळतो तिथं आपण चालतो." मला हे माझ्या बीएडच्या पुस्तकांत कुठं मिळालं नव्हतं. पुढं चौकशी केली तेव्हा कळलं की इंग्रजीतही पायाचं पळणं काही एकटं थोरलं नाही. जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदापासून हा शब्द आला, त्यात वाहणंही होतं, आणि आजच्या जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'रिनन' हा पाण्याच्या ओघळण्यासाठीच वापरतात. म्हणजे आमची प्रवरा नदी पळते यात अलंकारबिलंकार काही नाही, तो अर्थ तितकाच जुना. सुरुवातीलाच आपण 'रन म्हणजे पळणे' असं शिकवतो आणि वाहणाऱ्या नदीला अपवाद करून टाकतो.

पुढं माझी बदली तालुक्याच्या खालच्या अंगाला, बागायती भागात झाली. इथली मुलं वेगळी, धीट. बापाच्या मोटरसायकलवर शाळेत येणारी, उसाच्या तोडीबद्दल आणि दुधाच्या फॅटबद्दल माझ्याहून जास्त जाणणारी. इथं 'रन' कालव्यावरून अडला. पुस्तकात वाक्य होतं त्या धर्तीवर मी लिहिलं, 'द कॅनॉल रन्स थ्रू अवर व्हिलेज.' एक मुलगा म्हणाला, हे खोटं आहे. कालवा पळत नाही, त्यात पाणीच नाही. निळवंडे धरणाचे कालवे तेव्हा वर्षानुवर्षं अर्धवट पडलेले होते. धरणाला मंजुरी १९७० ची, म्हणजे त्याच्या आजोबांच्या तारुण्यातली. मी त्याला सांगू लागले, की इथं कालवा हलत नाही, तो कुठून कुठपर्यंत आहे एवढंच म्हणायचंय, आपण नाही का म्हणत 'हा रस्ता राजूरला जातो'? रस्ता कुठं जातो, तो तर तिथंच असतो. त्याला रस्त्याचं पटलं, कालव्याचं पटलं नाही. "रस्त्यावर माणसं तरी जातात," म्हणाला. २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सोडलं, तेव्हा तो शाळा सोडून कधीच शेतीला लागला होता. माझ्याकडं बघून लांबूनच ओरडला, "मॅडम, आता लिहा!"

इंग्रजीत 'रन' लिहून घेताना मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यावरचं आहे. त्यांना पद्मश्री जाहीर झाली २०२० साली, त्याआधी २०१८ मध्ये बीबीसीनं शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. तालुक्यातल्या प्रत्येक पोराला त्या माहीत. 'राहीबाई रन्स अ सीड बँक.' इथं कुणी 'बियाण्यांची बँक घेऊन पळाली' लिहीत नाही. बाई डोळ्यासमोर असतात, मडकी-डब्यांतलं वालाचं, भाताचं, नागलीचं बी डोळ्यासमोर असतं, आणि क्रियापद आपसूक जागेवर बसतं. मग त्याच वाक्यात मी यादीतले शब्द घालून बघायला सांगते. मॅनेज चालेल? चालेल, पण मग त्या नोकरीला असल्यासारख्या वाटतात. ऑपरेट? ते तर मशीनचं. कंडक्ट? "कंडक्टर, मॅडम," असं हमखास कुणीतरी म्हणतं. यादीतल्या प्रत्येक शब्दाला कोण शेजारी चालतो आणि कोण चालत नाही, हे त्या एका वाक्यावर पाऊण तास चालतं. पोर्शन मागं पडतो. पडू दे.

समानार्थी शब्दांचं हे गणित पोरांना मुळात येत नाही असं नाहीच. मरण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत असं विचारलं की फळा पुरत नाही. आजोबा वारले, गुरुजी गेले, बैल मेला, उंदीर मेला, पुढाऱ्याचं निधन झालं, महाराज वैकुंठवासी झाले, दरोडेखोर खपला. आता म्हणा, बैलाचं निधन झालं. वर्ग हसतो. पण त्यातही एकदा एक मुलगा हसला नाही. त्यांचा बैल त्याच आठवड्यात गेला होता, आणि तो 'गेला' म्हणाला, 'मेला' म्हणाला नाही. कुठला शब्द कुणाला लावायचा हे ज्याला इतकं बारीक कळतं, त्याला 'माय फादर फ्लोज अ शॉप' लिहायला लावणारी आमची शिकवण्याची पद्धत, आणखी काय!

माझ्या शिकवण्याला खरं वळण दिलं ते 'लागणे'नं. आश्रमशाळेतलीच गोष्ट आहे ही, आधी सांगायला हवी होती. एक ठाकर मुलगा होता, इंग्रजीच्या तासाला वर्षभर तोंड न उघडलेला. हजेरीलाही 'प्रेझेंट' म्हणायचा नाही, नुसता उठून उभा राहायचा. त्या दिवशी पाऊस थांबला होता म्हणून तोंडी तास घेतला आणि सहज विचारलं, 'लागणे' म्हणजे काय? एकेक हात वर आला. भूक लागली. ठेच लागली. आग लागली. दार लागलं. झोप लागली. निकाल लागला. आंबा लागला. ही माझी मावशी लागते. आवणीला माणसं लागतात. पोर रडायला लागलं. दृष्ट लागली. मग हा उठला आणि थांबेचना. पाऊस लागला. ऊन लागलं. भाताला कीड लागली. नाद लागला. गाय दगडाला लागली. शिकार लागली. माग लागला. पायाला चिखल लागला. भाकरी तव्याला लागली. डोळा लागला. शेवटी एकीनं सांगितलं, "गाडी लागली," आणि वर्गात फूट पडली. स्टँडला उभी राहिली ती लागली, घाटात उलटी होते ती लागली, आणि भिंतीला घासली तीही लागली. तीन गाड्या, तीन अर्थ, आणि एकाही पोराचा गोंधळ नाही. तो मुलगा खाली बसता बसता म्हणाला, "मंग त्यांचं रन म्हंजे आपलं लागणं हाये."

त्यानंतर मी कुठल्याही नव्या वर्गात 'रन'ला हात घालण्याआधी 'लागणे' घेते, नाहीतर 'काढणे'. फोटो काढतात, दिवस काढतात, कर्ज काढतात, सातबारा काढतात, खोडी काढतात, आठवण काढतात, भुईमूग काढतात. 'आय रिमूव्ह्ड अ फोटो' हे वाक्य आपल्या पोरांच्या तोंडी का येतं हे त्यातून कळतं आणि त्यांना स्वतःलाच ते पुसावंसं वाटतं. मला मध्ये पडावं लागत नाही.

पालकसभेत एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, पोरगी इंग्रजीत मागं का? मी सांगत होते, एकेका शब्दाचे किती अर्थ असतात, 'रन'चेच बघा. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचं काम करणाऱ्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले, ते नीट लावायला पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला नऊ महिने लागले. पूर्वी हा मान 'सेट'चा होता, १९८९ च्या आवृत्तीत त्याचे चारशेतीसच्या वर. काका सगळं ऐकून म्हणाले, "एका शब्दात सहाशे कामं? मग स्वस्तातच पडतं की!" मी वर्गात हे वाक्य अजून वापरते. अवघड म्हणून घाबरवण्यापेक्षा स्वस्त म्हणून सांगितलेलं पोरांना जास्त पटतं.

कोशांबद्दल बोलतेच आहे तर, आपल्या भाषेकडं असं बारकाईनं बघितलं तेही एका परक्या माणसानं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची, साठेक हजार शब्दांची. आमच्या शाळेच्या कपाटात तो नव्हता, मी तो पहिल्यांदा पुण्यात एका नातेवाइकांकडं चाळला आणि 'लागणे'ची नोंद उघडली. कंपनीच्या पलटणीतला साहेब हाताखालच्या पंडितांना विचारून विचारून आपल्या भुकेचे, आगीचे, नात्यांचे 'लागणे' एकेक करून लिहून घेतो आहे हे वाचताना मला त्या ठाकर मुलाची फार आठवण झाली. त्याला पंडितांच्या रांगेत बसवायला हरकत नव्हती.

क्रिकेटनं मात्र मदत कमी आणि घोटाळा जास्त केला. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीत धावतं वर्णन करायचे, त्या काळात 'धाव', 'षटकार' हे शब्द रुळले. रन म्हणजे धाव, रनआउट म्हणजे धावबाद, हे पोरांना पाठच. मग 'द बाइक रॅन आउट ऑफ पेट्रोल' आलं आणि एकानं लिहिलं, 'पेट्रोल धावबाद झाले.' मी त्याला अर्धा गुण दिला. मुख्याध्यापकांनी विचारलं कशाचा, तर म्हटलं, धाडसाचा.

आणि एक 'रन अवे.' हा मी फळ्यावर लिहीत नाही, पुस्तकात आला तर वाचून पुढं जाते. नववी-दहावीतल्या मुलींच्या वर्गात या दोन शब्दांनी काय होतं हे तालुक्यातल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा. कुणाची तरी बहीण असते, कुणाची तरी मावसबहीण. मग एखाद्या मुलीचं नाव दिवाळीनंतर हजेरीपटावर नुसतं उरतं, कारण घरच्यांनी धास्तीनं तिचं लग्न उरकलेलं असतं. शब्दसंग्रह वाढवायला दुसरी क्रियापदं पुष्कळ आहेत.

इतकी वर्षं मी 'रन'ला मराठीत आणायची खटपट करत राहिले आणि तो परस्पर येऊन बसला. संगणकाच्या वर्गात पोरं म्हणतात, 'प्रोग्रॅम रन होईना.' पळत नाही, चालत नाही, रन होत नाही. आणि 'रनिंग' म्हणजे आता आमच्याकडं एकच गोष्ट, पोलीस भरती. पहाटे कोल्हार-घोटी रस्त्यावर अंधारात पोरंपोरी पळताना दिसतात, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. 'रनिंग करतो' असं कुणी म्हणत नाही, 'रनिंग मारतो' म्हणतात. गप्पा मारतात, चक्कर मारतात, तशी रनिंगही मारतात. इंग्रजीतलं एवढं मातब्बर क्रियापद, पण आमच्याकडं आल्यावर त्याचं नाम झालं आणि त्याला हलायला आमच्या 'मारणे'चा आधार घ्यावा लागला.

मागच्या भरतीत माझी एक जुनी विद्यार्थिनी मैदानी चाचणी देऊन आली. इंग्रजीत जेमतेम पस्तीसवाली. तिचा फोन आला, धापा अजून ओसरलेल्या नव्हत्या. "मॅडम, रनिंग आउट ऑफ!" मी घाबरले. म्हटलं, "अगं, काय संपलं? दम? वेळ?" ती हसायलाच लागली. भरतीच्या पोरांच्या भाषेत 'आउट ऑफ' म्हणजे पैकीच्या पैकी. ८०० मीटरला २० पैकी २० पडले होते. "गोळ्यात मात्र तीन गेले," म्हणाली, "पण शंभर मीटरला भरून काढले." मी विचारलं, आता लेखीचं काय? तिथं व्याकरण मराठीचं असतं, इंग्रजी नसतं, म्हणून ती निर्धास्त होती.